रिसाल्यामागची माणसं

आमच्या आजीला लढाई सांगता यायची नाही. आबा कामठीला महार पलटणीत भरती झाले, पुढे ब्रह्मदेशाकडे गेले, धडधाकट परतले, पण तिकडचं बोलणं त्यांनी घरात फारसं काढलं नाही. सांगायची ती आजीच. तिच्या सांगण्यात तोफा नसायच्या, बंदुका नसायच्या. महिना उलटला तरी न आलेली मनिऑर्डर असायची. गावच्या विहिरीवर कुणी वरून पाणी वाढेल म्हणून रिकामी घागर घेऊन ताटकळणं असायचं. कडेवरचं एक लेकरू आणि पदराला धरलेलं दुसरं असायचं. नवरा सरकारच्या चाकरीत आहे हे ऐकूनही ज्यांच्या वागण्यात तसूभर फरक पडला नाही, अशी माणसं असायची. "लढाई मले नाई ठाऊक, माय," ती म्हणायची, "लढाईच्या मांगं घर कसं राह्यते, ते मले इचार."

त्या सांगण्याचा परिणाम असेल, पण कुठल्याही पलटणीचा इतिहास वाचताना नकाशावरच्या बाणांवर माझी नजर ठरत नाही. हे शिपाई घरून निघाले तेव्हा मागे कोण राहिलं, त्यांचं काय झालं, हे मी शोधत राहते. मुलगी नोकरीसाठी अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनला राहायला गेली आणि माझं तिकडे जाणं-येणं सुरू झालं. लेक्सिंग्टनच्या दक्षिणेला गाडीने अर्ध्या तासावर, जेसमिन काउंटीत, कॅम्प नेल्सन नावाची जागा आहे. केंटकी नदी आणि हिकमन क्रीक यांच्या उभ्या कड्यांनी राखलेलं हे पठार. यादवी युद्धात, १८६३ च्या उन्हाळ्यात, उत्तरेच्या सैन्याने इथे रसदीचा तळ उभारला. चार हजार एकरांत कोठारं, तबेले, भटारखाने, इस्पितळं, अशा तीनशेच्या आसपास इमारती होत्या. त्यांतलं एक पांढरं घर आज शाबूत आहे. बाकी सगळीकडे गवत. याच गवतावर १८६४ साली ‘फिफ्थ युनायटेड स्टेट्स कलर्ड कॅव्हलरी’ हा कृष्णवर्णीय स्वारांचा रिसाला उभा राहिला. त्यातले बहुतेक स्वार नाव नोंदवण्याच्या आदल्या दिवसापर्यंत कुणा ना कुणाच्या मालकीचे होते.

केंटकीचा पेच लक्षात घेतल्याशिवाय या माणसांची छाती कळायची नाही. हे राज्य गुलाम बाळगणारं होतं, पण फुटून निघालेल्या दक्षिणेबरोबर गेलं नव्हतं. लिंकनने १ जानेवारी १८६३ रोजी मुक्तीची घोषणा केली ती बंड केलेल्या प्रदेशांपुरती. म्हणजे जे राज्य लिंकनच्या बाजूला राहिलं, तिथल्या गुलामांना त्या घोषणेतून काहीच मिळालं नाही. तेरावी घटनादुरुस्ती डिसेंबर १८६५ मध्ये अमलात आली, तोवर केंटकीत माणूस विकत घेणं कायदेशीरच होतं. सुटायची एक वाट तेवढी उघडी होती. अंगावर लष्कराचा निळा गणवेश चढला की तो माणूस मोकळा.

तीही वाट आधी अर्धीच उघडली. १८६४ च्या वसंतात भरती सुरू झाली ती मालकाच्या संमतीची अट घालून. सरकारशी एकनिष्ठ असलेल्या मालकाला एका माणसामागे तीनशे डॉलरपर्यंत भरपाई कबूल केली होती. मे महिन्यात बॉइल काउंटीतले सुमारे अडीचशे जण डॅनव्हिलहून कॅम्प नेल्सनकडे पायी निघाले, तेव्हा गावातल्या लोकांनी आणि कॉलेजातल्या पोरांनी त्यांच्यावर दगड फेकले, पिस्तुलं झाडली. ते तळावर पोहोचले. त्यांच्यामागून इतर आले, आणि येतच राहिले. जूनमध्ये संमतीची अट सुटली आणि मग ओघ थांबेना. रात्री शेतांमधून, नदीकाठाने, गस्त चुकवत माणसं येत होती. एकट्या कॅम्प नेल्सनमध्ये दहा हजारांहून अधिक कृष्णवर्णीय सैनिक भरती झाले. सबंध केंटकीचा आकडा तेवीस हजारांच्या वर जातो. जॉन फी नावाचे गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशक तिथे येऊन राहिले आणि त्यांनी शिपायांसाठी शाळा काढली. दिवसभर कवायत आणि नंतर पाटी. ज्यांना अक्षरापासून आयुष्यभर दूर ठेवलं होतं ते धिप्पाड गडी बाकावर बसून मुळाक्षरं गिरवत होते. आमच्याकडे पलटणीतल्या शाळेने काय केलं हे मला माहीत आहे. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मास्तर होते. त्या घरातून बाबासाहेब आले. त्यामुळे कॅम्प नेल्सनच्या शाळेबद्दल वाचताना मला ती परकी वाटत नाही.

रिसाल्याची पहिली लढाई झाली ती रिसाला कागदोपत्री पुरा उभा राहण्याच्याही आधी. व्हर्जिनियाच्या नैर्ऋत्य डोंगरांत सॉल्टव्हिल नावाचं गाव आहे. तिथे खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या. ते पाणी कढयांत आटवून मीठ काढायचे. मीठ नसेल तर मांस टिकत नाही आणि मांस टिकलं नाही तर फौज जेवत नाही. दक्षिणेच्या फौजांचं बरंचसं मीठ तिथूनच यायचं. ते मिठागर मोडायला जनरल स्टीफन बरब्रिज सप्टेंबर १८६४ मध्ये पाच हजारांवर फौज घेऊन केंटकीतून निघाला. त्याच्याबरोबर पाचव्या कलर्ड कॅव्हलरीचे सुमारे सहाशे जण दिले गेले. भरती होऊन त्यांना जेमतेम काही आठवडे झालेले. घोडे न शिकवलेले. हातात एन्फिल्ड रायफली, म्हणजे पायदळाचं लांबलचक हत्यार. घोड्यावर बसून ती भरता येत नाही.

वाटेत त्यांच्याच बाजूच्या गोऱ्या स्वारांनी त्यांना छळलं. डोक्यावरच्या टोप्या उडवल्या, चांगले घोडे पळवले, हे लढायच्या वेळी पळतील म्हणून हसले. हे सगळं त्या रिसाल्याचे संघटक कर्नल जेम्स ब्रिझबिन यांनी ऑक्टोबरमध्ये वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात नमूद केलं आहे. अशा चेष्टेला शिपायांनी उत्तर दिलं नाही, असंही त्यात आहे.

२ ऑक्टोबर १८६४. घोडे मागे बांधून सुमारे चारशे कृष्णवर्णीय स्वार पायी चेस्टनट रिज नावाच्या चढावर गेले. वर दगडांचे आणि लाकडांचे आडोसे करून शत्रू बसलेला. पहिले हल्ले परतवले गेले. तरी ते वर सरकत राहिले आणि शत्रूला त्याच्या आडोशांमधून मागे रेटलं. संध्याकाळपर्यंत ती जागा त्यांनी धरून ठेवली, मग दारूगोळा संपत आला. चारशेपैकी ११४ शिपाई आणि चार अधिकारी पडले किंवा जखमी झाले, असं ब्रिझबिन लिहितात. गोऱ्या फौजांना सत्तावीस लढायांत लढताना पाहिलेल्या या अधिकाऱ्याने, याहून चांगलं लढताना आपण कुणालाही पाहिलं नाही अशी साक्ष दिली आहे. परतीच्या वाटेवर कुणी हसलं नाही. कुणाचा हात गेलेला, कुणाच्या फुप्फुसातून गोळी आरपार गेलेली, कुणाचे दोन्ही खुबे फुटलेले, आणि हे लोक तशा अवस्थेत घोड्यावर बसून डोंगर ओलांडत होते. मागे राहिलो तर काय होईल, हे त्यांना कळत होतं.

बरब्रिजने त्या रात्री माघार घेतली आणि चालू न शकणारे जखमी मैदानावरच सोडले. दुसऱ्या दिवशी पहाटे धुकं दाट होतं. दक्षिणेच्याच फौजेतला जॉर्ज डॅलस मॉसग्रोव्ह नावाचा केंटकीचा स्वार त्या सकाळी तिथे होता. सुरुवातीला त्याला पुन्हा लढाई पेटली असंच वाटलं. जवळ गेल्यावर दिसलं की त्याच्या बाजूचे लोक रानात फिरून, सापडेल त्या जखमी कृष्णवर्णीय शिपायाला गोळी घालत आहेत. त्याने हे ३१ वर्षांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात छापलं. मेलेल्यांच्या आकड्यावर इतिहासकारांचा वाद अजून चालू आहे. जखमी शिपाई असे मारले गेले, यावर मात्र वाद नाही. पुढल्या आठवड्यात एमरी अँड हेन्री कॉलेजातल्या लष्करी इस्पितळात घुसून खाटांवरच्या जखमींना ठार करण्यात आलं. त्यात असलेला चॅम्प फर्ग्युसन युद्धानंतर पकडला गेला. नॅशव्हिलला त्याच्यावर खटला चालला आणि २० ऑक्टोबर १८६५ रोजी त्याला फाशी झाली. इतरांना कुणी हात लावला नाही.

ब्रिझबिन यांच्या अहवालातली एक गोष्ट मी कधी विसरत नाही. हाती लागलेल्या आपल्या माणसांना शत्रू कसा मारतो आहे हे समजल्यावरही या शिपायांनी सूड घेतला नाही. शत्रूच्या जखमींना त्यांनी आपल्या बाटल्यांतलं पाणी पाजलं. आणि डिसेंबरात जनरल स्टोनमनबरोबर पाचवा आणि सहावा कलर्ड कॅव्हलरी पुन्हा त्याच डोंगरांत गेले, मॅरियनला लढले, आणि या वेळी सॉल्टव्हिलचे मिठागर मोडूनच परतले.

इथवरचं सारं सेनापतींच्या कागदांत मिळतं. आजीची गोष्ट इथून पुढे सुरू होते.

गणवेशाने मोकळा व्हायचा तो फक्त पुरुष. बायको आणि पोरं कायद्याने मालकाचीच राहायची. ज्याचा गडी सैन्यात पळाला त्याचा राग घरात उरलेल्यांवर निघणार, हे त्या शिपायांना निघताना माहीत नसेल असं कसं म्हणावं? पाचव्या कॅव्हलरीच्या ‘डी’ कंपनीत ज्युलियस लीच नावाचा स्वार होता. भरती झाल्यावर महिन्याभरात तो सॉल्टव्हिलला मारला गेला. त्याची बायको पॅट्सी लीच वुडफर्ड काउंटीत वॉरन वायली नावाच्या मालकाकडे होती. २५ मार्च १८६५ रोजी कॅम्प नेल्सनमध्ये तिने शपथेवर जबानी दिली, आणि सुदैवाने ती जपली गेली.

नवरा भरती झाल्याचं मालकाला तिच्या आधी कळलं होतं. त्या दिवसापासून विनाकारण फटके सुरू झाले. एकदा घरासमोरच्या रस्त्याने कृष्णवर्णीय शिपायांची तुकडी चालली होती. ती बागेत उभी राहून बघत राहिली. मालक तिच्यावर नजर ठेवून होता. ती स्वयंपाकघरात शिरली तशी त्याने मागून येऊन तिला जमिनीवर आपटलं, तिची शुद्ध गेली. शिपायांकडे बघितलंस हाच गुन्हा. शुद्धीवर आल्यावर चाबकाने मारलं. नवरा मेल्याची बातमी आली तेव्हा पुन्हा मारलं. गोऱ्यांविरुद्ध लढायला नवऱ्याला जाऊ दिलंस, त्याची किंमत तुझ्या पाठीवरून वसूल करीन, असं तो सांगत असे. शेवटच्या खेपेला इतकं मारलं की पाठीच्या रक्ताने अंगातले कपडे भिजत होते. उद्या तुला जिवंत ठेवणार नाही, असं तो म्हणाला. त्याच रात्री दहाच्या सुमारास सर्वांत धाकटं मूल घेऊन ती निघाली, आर्नल्ड डेपोपर्यंत चालत गेली आणि लेक्सिंग्टनची आगगाडी पकडली. पाच मुलांपैकी चार मागे राहिली. ती मला हवी आहेत, पण परत गेले तर तो मला मारेल, हे तिने जबानीच्या शेवटी सांगितलं.

ही जबानी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुष्कळ वेळ त्या बागेपाशीच थांबले. तुकडी रस्त्याने चालली आहे आणि एक बाई तिच्याकडे बघते आहे. त्या बघण्यात काय होतं हे मालकाला बरोबर कळलं होतं, म्हणून तर त्याने मारलं.

नवऱ्यामागोमाग बायका तळावर येऊ लागल्या याचं कारण हे. हातात गाठोडं, अंगाखांद्यावर पोरं. तळाच्या कडेला त्यांनी झोपड्या बांधल्या, शिपायांचे कपडे धुतले, स्वयंपाक केला. लष्कराच्या लेखी मात्र त्या अडगळ होत्या. तळाचा अधिकारी जनरल स्पीड फ्राय याने त्यांना वरचेवर हाकललं, त्या वरचेवर परत आल्या. नोव्हेंबर १८६४ च्या शेवटच्या आठवड्यात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, त्याच्या हुकुमाने सुमारे चारशे बायका-मुलांना गाड्यांत कोंबून तळाबाहेर सोडण्यात आलं. झोपड्या मोडल्या, जाळल्या.

जोसेफ मिलर नावाचा शिपाई तिथे होता. हा स्वार नव्हता, १२४ व्या कृष्णवर्णीय पायदळातला होता. त्याची बायको इझाबेला आणि चार मुलं तळावर राहत होती. त्यांतला सात वर्षांचा मुलगा आजारातून नुकता कुठे उठत होता. पहारेकऱ्याने सकाळी येऊन त्यांना गाडीत चढायला फर्मावलं. मी अमेरिकेचा शिपाई आहे, माझ्या बायको-पोरांना जायला जागा नाही, मूल आजारी आहे, हे मिलरने सांगून पाहिलं. त्याने काही फरक पडत नाही, असं उत्तर आलं. रात्री मिलर त्यांना शोधत पायी निकोलसव्हिलला गेला. कृष्णवर्णीयांच्या एका जुन्या प्रार्थनाघरात माणसं थंडीने कुडकुडत होती, उबेला पुरेसा विस्तव नव्हता. मुलगा मेलेला होता. शिपाई असल्यामुळे त्याला रात्रीच तळावर परतावं लागलं. सकाळी तो पुन्हा तितकंच चालला, स्वतः खड्डा खणला, मुलाला पुरलं. ही हकिगत त्याने २६ नोव्हेंबरला शपथेवर सांगितली आणि कागदावर आपली खूण केली. पुढल्या काही आठवड्यांत इझाबेला आणि उरलेली मुलंही गेली. ६ जानेवारी १८६५ रोजी जोसेफ मिलर स्वतः मेला. त्या चारशेपैकी १०२ जण दगावले.

कॅम्प नेल्सनच्या राष्ट्रीय दफनभूमीत कबरींवर झेंडे लावायला दरवर्षी येणाऱ्या एका वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थांशी माझी तिथे ओळख झाली. तळ उठल्यावर निर्वासितांपैकी काही कुटुंबं तिथेच वस्ती करून राहिली, त्या वस्तीला आज हॉल म्हणतात. यांचं कूळ तिथलं. त्यांच्या आजीने तिच्या आजीकडून ऐकलेलं ते मला सांगत होते. कोणता जनरल, कोणता हुकूम, यातलं काही त्या गोष्टीत नव्हतं. गोठलेल्या रस्त्यावर चाकांचा आवाज कसा येतो, हे होतं. एका बाईने अंगावरचं एकच पांघरूण दोन पोरांत फाडून कसं वाटलं, हे होतं. ऐकता ऐकता मला सारखं वाटत होतं की हे बोलणं मी ओळखते. भाषा निराळी, पण नजर तीच. जोत्यावर बसून सांगणाऱ्या बाईची.

त्या बायकांचं हाकललं जाणं वाया गेलं नाही. मिलरची आणि इतरांची जबानी वर्तमानपत्रांपर्यंत आणि वॉशिंग्टनपर्यंत पोहोचली. गदारोळ उठला. फ्रायचा हुकूम फिरवावा लागला, तळावर निर्वासितांसाठी घरं आणि शाळा बांधण्यात आली. आणि ३ मार्च १८६५ रोजी काँग्रेसने कायदा केला की कृष्णवर्णीय सैनिकाची पत्नी आणि मुलंही त्याच्याबरोबर मुक्त. पॅट्सी लीचने जबानी दिली ती या कायद्यानंतर तीन आठवड्यांनी. केंटकीतल्या गुलामगिरीचा कणा मोडला तो या कायद्याने, असं मी मानते. त्यात सॉल्टव्हिलच्या चढावरच्या चारशे जणांचा वाटा आहे, आणि निकोलसव्हिलच्या प्रार्थनाघरात गारठलेल्यांचाही तितकाच आहे.

रिसाल्याचं पुढचं थोडक्यात सांगते. २५ जानेवारी १८६५ रोजी ‘ई’ कंपनीचे सुमारे ऐंशी शिपाई नऊशेच्या आसपास गुरं हाकत लुईव्हिलकडे चालले होते. सिम्पसनव्हिलजवळ घोड्यावरच्या लुटारूंनी त्यांना मागून गाठलं. बावीसच्या आसपास मारले गेले आणि रस्त्याकडेलाच पुरले गेले. त्यांच्या नावाचे दगड तिथे उभे राहायला २००९ साल उजाडलं. मार्च १८६६ मध्ये आर्कन्सॉतल्या हेलेना इथे रिसाला बरखास्त झाला. माणसं घरी गेली. ज्यांची घरं होती ती.

मग सुरू झाली पेन्शनची लढाई, आणि या रिसाल्याचा खरा इतिहास माझ्या मते तिथे आहे. ४ जुलै १८६४ च्या कायद्याने कृष्णवर्णीय शिपायाच्या विधवेला पेन्शन मिळू शकत होतं. पण गुलामांच्या लग्नाला कायदा नव्हता, त्यामुळे कागद नव्हता. जन्माची नोंद असलीच तर मालकाच्या हिशेबाच्या वहीत, गुराढोरांच्या बरोबर. नावांचा आणखी घोळ. शिपाई भरती व्हायचा मालकाच्या आडनावाने आणि मोकळा झाल्यावर बापाचं आडनाव लावायचा. मग हाच तो माणूस, हे सिद्ध कोण करणार? सरकारचे तपासनीस गावोगाव जाऊन म्हाताऱ्यांच्या जबान्या घेऊ लागले. बाळंतपण केलेली सुईण, एकाच मालकाकडे राबलेला सोबती, कंपनीतला जोडीदार. जन्मसाल विचारलं की पुष्कळ जण १८३३ च्या नोव्हेंबरातली उल्कावर्षावाची रात्र धरून सांगायचे: तारे पडले तेव्हा मी चालत होतो, तारे पडले त्याच्या पुढल्या पेरणीला माझा भाऊ झाला. दोघांनी झाडूवरून उडी मारून संसार मांडला तो दिवस म्हाताऱ्यांना आठवत होता. कृष्णवर्णीयांचे अर्ज गोऱ्यांपेक्षा जास्त फेटाळले गेले. पण फेटाळलेल्या अर्जांसकट त्या फायली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. गुलामीत जगलेल्या कुटुंबांची नाती, नावं, ताटातुटी त्यांच्याइतक्या बारकाईने दुसरीकडे फार थोड्या ठिकाणी लिहिलेल्या मिळतील. सरकारला पुरावा हवा होता. म्हाताऱ्यांनी आयुष्यं सांगितली.

मी हे मनापासून समजू शकते, कारण आबा गेल्यावर आजीच्या पेन्शनचा अर्ज भरताना मी तिच्यासोबत होते. जन्मतारीख? "मानमोडीच्या साली." १९१८ च्या इन्फ्लुएंझाला आमच्याकडे तेच नाव. नवरा भरती कधी झाला? "बाबासायब नागपूरले आलते, बायायची परिषद भरली, त्या साली." म्हणजे १९४२. एका कचेरीतल्या बाबूला हे चालण्यासारखं नव्हतं. लग्नाचा दाखला हवा होता. शेवटी गावातली दोन म्हातारी माणसं साक्षीला आली, त्यांनी वरात कोणत्या रस्त्याने गेली इथपासून सांगायला सुरुवात केली, आणि आजीने अंगठा उठवला. तिची एकेक खूण इतिहासाशी तंतोतंत जुळत होती. मानमोडीने वऱ्हाडात घरंच्या घरं ओस पाडली होती. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित परिषदेबरोबर महिलांचं अधिवेशन खरोखर भरलं होतं, आणि महार पलटणीची दुसरी बटालियन त्याच साली कामठीला उभी राहिली होती.

लष्कराचं दार आमच्या लोकांसाठी कसं उघडत-मिटत राहिलं, तेही तिला ठाऊक होतं. कंपनी सरकारच्या काळापासून मुंबईच्या फौजेत महार शिपाई होते. १८९० नंतरच्या काही वर्षांत लढाऊ जातींचं शास्त्र निघालं आणि भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, शिवराम जानबा कांबळ्यांनी केला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध सरल्यावर १९२१ मध्ये मोडली. पुन्हा युद्ध आलं, तेव्हा १९४१ साली पुन्हा दार उघडलं. तिकडेही असंच. १८६४ च्या जूनपर्यंत कृष्णवर्णीय शिपायाला महिना दहा डॉलर, त्यातून कपड्यांचे तीन कापून, गोऱ्याला तेरा. गरज लागली की माणूस शूर, गरज सरली की त्याची जात.

आणखी एक धागा मला वऱ्हाडातच सापडला. आजीच्या आजेसासूकडून आलेली गोष्ट होती: एकेकाळी कापसाला असा भाव आला की पैसेवाल्यांनी बंडीच्या चाकांना चांदीची धाव बसवली. कोणत्या काळी, हे तिला सांगता यायचं नाही. तो काळ १८६१ ते १८६५ चा. दक्षिणेची बंदरं उत्तरेच्या आरमाराने रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. मुंबईत पेढ्या फुगल्या, आणि लढाई संपताच १८६५ मध्ये फुटल्या. आजेसासूच्या गोष्टीचा शेवट मात्र चांदीवर होत नसे. "चांदी त्यायच्या बंडीले, कापूस येचला आमी," असा तो शेवट होता. पॅट्सी लीचच्या नवऱ्याने ज्या लढाईत जीव दिला, तिची झळ आणि तिची चमक आमच्या वस्तीपर्यंत अशी आली होती, आणि ती फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली होती.

वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय सैनिकांचं स्मारक आहे. पोलादी भिंतींवर दोन लाख नऊ हजारांहून अधिक नावं कोरली आहेत. पाचव्या कॅव्हलरीची नावं तिथे सापडतात. तिथे उभं राहताना मला अभिमान वाटला आणि भिंत अपुरीही वाटली. लष्कराची यादी भरती झालेल्याचं नाव लिहिते. मागे राहून चाबूक खाल्लेल्या, गाडीतून थंडीत फेकलेल्या, पुढे तीस वर्षं एकेका अर्जावर खुणा करणाऱ्या बायकांना त्या यादीत रकाना नाही. त्यांचा इतिहास म्हातारी माणसं सांगतील तेवढाच, आणि कुणी लिहून घेईल तेवढाच. तो लिहून घेणं हे इतिहासाचंच काम आहे, आणि आपल्याकडे ते फार थोडं झालं आहे. आपल्या पलटणींचे विजयस्तंभ आपण जपतो, सालं पाठ करतो; त्या शिपायांच्या घरातल्या आज्या मात्र एकेक करून जात आहेत आणि त्यांच्याबरोबर अर्धी पलटण जाते.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि अमेरिकेतल्या ज्या भल्या लोकांनी गुलामांच्या मुक्तीसाठी त्याग केला त्यांना ते कृतज्ञतेने अर्पण केलं. तेव्हा पाचवा रिसाला बरखास्त होऊन सातच वर्षं झाली होती. पुण्यात बसून त्यांनी त्या लढाईचं मोल ओळखलं, याने माझी मान ताठ होते. त्या अर्पणाचा अधिकार कुणाकुणाला पोहोचतो, हे ठरवायची पाळी आता आपली आहे. माझ्यापुरतं मी ते ठरवलं आहे. ‘डी’ कंपनीचा स्वार ज्युलियस लीच त्यात आहे, आणि त्याच्याच रांगेत, त्याच्या बरोबरीने, रात्री दहाला तान्हं मूल घेऊन मालकाचं घर सोडणारी पॅट्सी लीच आहे.